उजव्या बाजूचा ऑर्गन

लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेल्या माणसाचा जीव वरच्या माणसाच्या कानात असतो. हे कुठे लिहिलेलं नाही. पण हे काम करणारा प्रत्येक जण ते पहिल्या आठवड्यातच शिकतो.

दादा वरचा माणूस होता. लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभं राहायचं, बटणांची पेटी हातात घ्यायची आणि खालचा सांगेल तसा डबा हळूहळू सरकवायचा, हे त्याचं काम. खाली, अगदी तळाच्या खड्ड्यात, त्याचा जोडीदार. त्याला सगळे शिट्टी म्हणत. काम करताना तो सतत शिट्टी वाजवायचा, आणि तीही बेसूर. दोघांनी मिळून इतक्या इमारती केल्या होत्या की आता फारसं बोलावंही लागत नसे. तरी एक गोष्ट ते कधी चुकवत नसत. दादा वरून ओरडायचा, "खाली आणतो!" खालून उत्तर यायचं, "खाली आण, दादा!" ते उत्तर आल्याशिवाय बटण दाबायचं नाही. कंपनीने वॉकीटॉकी दिले होते, पण त्या उभ्या बोळात ते नुसते खरखरायचे. दोघांचा भरवसा गळ्यावर आणि कानावर.

दादाचा कान कामगारांत प्रसिद्ध होता. टपावर उभं राहून तो सांगायचा, तिसऱ्या मजल्याच्या दाराचं चाक झिजलंय. उघडून बघावं तर झिजलेलंच असायचं.

घरी हाच कान दुसऱ्या कामाला लागला होता. त्याला कारण त्याचा मेहुणा. मेहुण्याने घर बदललं, नवं घर लहान निघालं, आणि एक दिवस तो दोन खोकी घेऊन दारात उभा राहिला.

"भावोजी, फेकवत नाही आणि ठेववतही नाही. तुम्ही ठेवा."

एका खोक्यात जुना अँप्लिफायर, सीडी प्लेयर आणि जाडजूड हेडफोन. हेडफोनच्या दोन्ही कानांना वेगवेगळी वायर, खटकन निघणारी. दुसऱ्या खोक्यात सीडी. सगळ्या एकाच परदेशी बँडच्या. पहिल्या अल्बमपासून शेवटच्यापर्यंत ओळीने लावलेल्या, वीस-पंचवीस तरी असतील.

दादाने पहिला अल्बम लावला तो मशीन चालतंय का हे बघायला. गाणं सुरू झालं. त्याने चहा टाकला, प्यायला, कप विसळला. खाली ठेवलेल्या हेडफोनमधून बारीक आवाजात गाणं चालूच होतं. काहीतरी अडकलंय, असं वाटून तो बघायला गेला आणि हेडफोन कानाला लावला. नेमका त्याच वेळी उजवीकडून ऑर्गन सुरू झाला. अगदी सावकाश. तळातून एखादं वजन वर चढत यावं तसा. दादा तिथेच फरशीवर बसला. ते गाणं संपल्यावरच उठला.

त्या अल्बमच्या कव्हरवर छत्री होती, म्हणून तो छत्रीवाला. पुढच्यांनाही अशीच नावं पडली. घोड्याच्या अल्बममध्ये नुसती बासरी आणि लाकडी गिटार, जणू सगळा बँड शहर सोडून शेतावर राहायला गेला होता. जिन्याच्या अल्बममध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच गोष्ट. एक माणूस जिना चढत राहतो, आणि दादाला शब्द कळत नसले तरी तो माणूस वर पोचत नाही एवढं कळायचं. आरशाच्या अल्बमवर सगळी यंत्रं, ढोलसुद्धा यंत्राचा. नंतर तीन-तीन मिनिटांची सोपी गाणी आली. मेहुण्याने त्यांना नाकं मुरडली. दादाने माफ केलं. "पोटापाण्याचं बघावं लागलं असेल रे त्यांनाही."

आणि ताल. सात मात्रांचा. दादा गुडघ्यावर बोटाने मोजायचा आणि आठव्या मात्रेला बोट रिकामं पडायचं. अंधारात एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकावा तसं. तेच त्याला आवडायचं.

त्याने एक नियम केला होता. अल्बम ओळीनेच ऐकायचे. आणि एक पाठ झाल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही. मेहुणा हसायचा. "भावोजी, मधले पाच-सहा तर मीही उघडले नाहीत." बायको हसायची नाही. "माझं एवढं ऐकलं असतंत तर संसाराचं सोनं झालं असतं." अशी काही वर्षं गेली.

खुर्चीच्या अल्बमपासून दादाच्या एक गोष्ट लक्षात येऊ लागली. उजवी बाजू विरळ होत होती. आधी उजवीकडची झांज बारीक झाली. पुढच्या अल्बममध्ये उजवी गिटार लांबून, दार लोटलेल्या खोलीतून आल्यासारखी. त्याच्या पुढच्यात तर उजवीकडे काही नव्हतंच म्हणायला हरकत नव्हती. दादाने मेहुण्याला फोन केला.

"ऑर्गनवाला रुसला बहुतेक."

"म्हणजे?"

"त्याची बाजू रिकामी ठेवलीये त्यांनी. मुद्दाम. दुसऱ्या कुणाला बसवलं नाही तिथे."

"असेल," मेहुणा म्हणाला. त्याने तो अल्बम उघडलाच नव्हता.

दादा कच्चा नव्हता. त्याने पडताळून पाहिलं. छत्रीवाला पुन्हा लावला. ऑर्गन उजवीकडे होता, भरदार, जसाच्या तसा. घोड्याची बासरी उजवीकडे होती. म्हणजे मशीन ठीक होतं. वायरही ठीक. जुने अल्बम भरलेले, नवे रिकामे. बँडच बदलला होता. दादाला वाईट वाटलं, पण त्यात थोडा अभिमानही होता. एवढ्या बारकाईने कोण ऐकतं?

मग एका कार्यालयाच्या इमारतीत ती गोष्ट घडली.

सकाळची वेळ होती. दादा टपावर, शिट्टी खड्ड्यात. दादा टपाच्या कडेला ओणवा झाला आणि ओरडला, "खाली आणतो!" उत्तर आलं, "खाली आण, दादा!" त्याने बटण दाबलं. डबा सरकू लागला. आणि एकदम धक्का बसून थांबला. दादाने पुन्हा दाबलं. हलला नाही. खड्ड्यातलं लाल बटण कुणीतरी दाबलं होतं. खड्ड्यात एकच माणूस होता.

शिट्टी वर आला तेव्हा त्याच्या तोंडावर रंग नव्हता. एका कोपराला खरचटलं होतं. लाल बटण त्याने कोपरानेच दाबलं होतं, हात मोकळे नव्हते म्हणून.

"दादा," तो म्हणाला, "मला इस्त्री करणार होतास का?"

"तू 'आण' म्हणालास."

"मी 'थांब' म्हणालो. दोनदा."

मग शिट्टी हसला. "वरच्या पंख्याचा आवाज असेल. चल, चहा पाज. साहेबांच्या कानावर घालू नकोस, उगाच कागदपत्रं नाचवतील."

दादाने चहा पाजला. पंखा त्या दिवशी बंद होता. ते दोघांनाही माहीत होतं. आणि दादाला आणखी एक गोष्ट माहीत होती, जी त्याने सांगितली नाही. त्याने ते उत्तर ऐकलं होतं. ऐकल्यासारखं वाटलं असं नाही. शिट्टीचा आवाज, 'दादा'वरचा तो हेल, सगळं.

त्यानंतर तो घरी हेडफोन लावून बसायचा आणि प्ले दाबायचाच नाही. बायको दोनतीनदा येऊन बघून गेली. एका सुट्टीच्या दुपारी ती समोर उभी राहिली.

"काय झालंय तुम्हाला?"

"काही नाही. हे ऐक." त्याने शेवटून दुसरा अल्बम लावला. तो त्याने नुकताच उघडला होता. हेडफोन तिच्या डोक्यावर बसवला. "बघ, उजवीकडे काही नाही. डावीकडेच सगळं. माणसं शेवटी कशी एकेकटी होतात बघ."

बायकोने कपाळाला आठी घालून ऐकलं. मग उजवा हात वर करून बोटं हलवली.

"इकडे कोण बाई गुणगुणतीये?"

"कुठे?"

"इकडे. उजवीकडे. छान गातीये की. आणि ती पेटी वाजतीये मागे."

"उजवीकडे काही नाहीये गं."

"अहो, मगापासून वाजतंय!"

दादाने हेडफोन काढून घेतला. स्वतः लावला. उजवीकडे काही नव्हतं. त्याने घाईघाईने सीडी बदलली. छत्रीवाला. डोळे मिटले. उजवीकडून ऑर्गन आला. सावकाश, तळातून वर. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्याने बोटाने सात मोजले. पुन्हा सात.

"वाजतंय?" बायकोचा आवाज डावीकडून आला.

"वाजतंय ना."

"उजवीकडे?"

"उजवीकडेच. ऑर्गन आहे तो. आता झांज येईल बघ. ही आली."

उत्तर आलं नाही म्हणून त्याने डोळे उघडले. बायको समोर उभी होती. तिच्या हातात वायरचं टोक होतं. उजव्या कानाची वायर. ती तिने केव्हाच उपसली होती.

दादाच्या डोक्यात ऑर्गन चालूच होता. त्याने हेडफोन काढून खाली ठेवला. तरी दोन मात्रा वाजला. मग थांबला.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. दादाने भराभर बटणं दाबली. बाईंनी काचेपलीकडून हात केला. "मी अजून सुरू केलं नाही," त्या म्हणाल्या.

पुढे मशीनमध्ये घालून डोक्याचे फोटो काढले. उजव्या कानाच्या नसेवर एक गाठ होती. लहान. जिवावरची नव्हती, पण नस तिने खाल्ली होती.

"गेलेलं ऐकू परत येणार नाही," बाई म्हणाल्या. "डावा कान जपायचा. आवाज कुठून येतो ते आता नीट कळणार नाही. आणि एक लक्षात ठेवा. सवयीचा आवाज असेल तर मेंदू तो स्वतःच भरून काढतो, कधी कधी खऱ्या आवाजाच्या जागीसुद्धा. तुमच्या लक्षातही येत नाही. म्हणून इतकी वर्षं कळलं नाही."

"केव्हापासून असेल?"

"सांगता येत नाही. तीन-चार वर्षं तरी."

दादाने मनात हिशोब केला. जिन्याच्या अल्बमपर्यंत कान शाबूत होता. आरशाच्याही. खुर्चीपासून जाऊ लागला. ऑर्गनवाला कुठेच गेला नव्हता. तो तिथेच बसून वाजवत होता, एकामागून एक अल्बम, आणि दादा रोज त्याच्यासमोर बसून तो गेला म्हणून हळहळत होता.

"काम काय करता?" बाईंनी विचारलं.

"मेकॅनिक आहे," दादा म्हणाला. कसला ते सांगितलं नाही.

कारण सांगितलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. ज्याला आवाजाची दिशा कळत नाही त्याला लिफ्टच्या बोळात कोण उतरू देईल? कंपनी टेबलावर बसवेल. तक्रारींचे फोन घ्यायला. एका कानाच्या माणसाला फोन! घरी जाताना वाटेत तो हसला. बायकोने दचकून बघितलं.

"शिट्टीला सांगितलंत?" तिने विचारलं.

"सांगितलं," दादा म्हणाला. इतक्या सहज म्हणाला की त्याला स्वतःचीच भीती वाटली.

पुढचे काही दिवस कंपनीत तपासणीची वेगळी कामं होती, खड्ड्यात उतरायचं नव्हतं. दादाला ती सूट वाटली. कामावरून आल्यावर तो हेडफोन उलटा घालू लागला. उजवी बाजू डाव्या कानाला. आणि खुर्चीपासूनचे अल्बम पुन्हा ओळीने ऐकू लागला.

त्याला वाटलं होतं आनंद होईल. झाला नाही. प्रत्येक अल्बममध्ये एक अख्खी खोली होती जी त्याने कधी उघडली नव्हती. एका गाण्यात उजवीकडे दोन माणसं भांडत होती. एकात कुणीतरी पूर्ण वेळ दार ठोठावत होतं. एकात मुलांचा घोळका ओरडत होता, अगदी कानाशी. हे सगळं इतकी वर्षं त्याच्या उजव्या कानाला चिकटून चालू होतं. कुणी इतक्या जवळून ओरडावं आणि आपल्याला पत्ताही नसावा? त्याला घाम फुटायचा. तो अल्बम थांबवायचा, मागे वळून बघायचा. मागे भिंत असायची.

बायको म्हणाली, "नका ऐकू मग."

"ऐकायला पाहिजे," तो म्हणाला. "मला काय काय ऐकू आलं नाही ते कळायला पाहिजे."

आठवडा उलटला आणि खड्ड्याचं काम आलं. उंच इमारत, राहती. खालच्या मजल्याचं दार उघडून समोर अडसर लावला होता. शिट्टी नेहमीसारखा शिडीने खाली उतरला. उतरताना म्हणाला, "दादा, आज इस्त्री नको. कपडे धुतलेले आहेत." दादा हसला. जिन्याने वर गेला. टपावर चढला. पेटी हातात घेतली.

सांगायचं होतं. शिट्टी शिडीवर असताना सांगायचं होतं. चहाच्या वेळी सांगू, असं त्याने ठरवलं. आजच्या दिवस डावा कान खाली करून काम करू.

तो डाव्या अंगाला ओणवा झाला. "खाली आणतो!"

उत्तर आलं. "खाली आण, दादा!"

स्वच्छ. हेलासकट. दादाचं बोट बटणावर गेलं. गेलं आणि तिथेच राहिलं. उत्तर आलं होतं. पण कुठून आलं होतं? खालून? की जिथून ऑर्गन येत होता तिथून? त्याने आठवून बघितलं. आठवण आणि आवाज यांत त्याला तसूभर फरक सापडेना. बोळ खाली काळा पडत गेला होता. तारा हलत नव्हत्या. शिट्टीची शिट्टी ऐकू येत होती. ती तरी खरी होती का?

"परत सांग!" तो ओरडला.

"खाली आण, दादा!"

तोच हेल. अगदी तोच. माणूस एकच वाक्य दोनदा इतकं सारखं बोलत नाही. सीडी बोलते.

मग त्याला सुचलं. पाठ असलेलंच डोकं भरून काढतं. पाठ नसलेलं भरता येत नाही.

"शिट्टी!" तो जिवाच्या आकांताने ओरडला. "मला माहीत नसलेलं काहीतरी सांग! नवीन! काहीही!"

तो वाट बघत राहिला. डावा कान बोळावर धरून, श्वास रोखून. कुठल्यातरी मजल्यावर दार आपटलं. एका घरात नळ चालू होता. हे सगळं त्याला ऐकू आलं. खालून काही आलं नाही. काहीच नाही. आणि मग, त्या शांततेतून, हळूच, "खाली आण, दादा."

दादाने बोट उचललं. पेटीवरचं लाल बटण दाबलं. चावी फिरवून काढून घेतली. टपावरून उतरला आणि भिंतीला धरून जिना उतरू लागला. प्रत्येक मजल्यावर त्याला वाटलं, खाली गेल्यावर शिट्टी नसेल.

शिट्टी होता. खड्ड्यात गुडघ्यावर बसला होता, एक हात खांद्यापर्यंत मोठ्या स्प्रिंगच्या खाली घातलेला.

"काय रे दादा, किती ओरडायचं? घसा बसला माझा."

"काय ओरडलास?"

"आता? तूच म्हणालास नवीन सांग. सांगितलं की. वॉचमनने बाहेरून येऊन अभिनंदन पण केलं."

"मला परत सांग."

शिट्टीने हात बाहेर काढला. लाजला. "बाप होणार आहे मी. आईला पण नाही सांगितलं अजून. पहिलं तुलाच सांगितलं, आणि ते पण बोंब मारून."

दादा अडसराला धरून उभा राहिला.

"आणि त्याच्या आधी? मी 'खाली आणतो' म्हटलं, तेव्हा तू काय म्हणालास?"

"त्याच्या आधी?" शिट्टीने आठवून बघितलं. "काही नाही. पाना घरंगळला स्प्रिंगखाली, तो शोधत होतो. तू काहीतरी ओरडलास, पण नीट ऐकलं नाही. म्हटलं, उत्तर दिलं नाही तर थांबेलच."

दादा खाली बसला. फरशीवर, दाराशी. बसूनच त्याने सांगितलं. उजवा कान गेलाय. तीन-चार वर्षं झाली. त्या दिवशी पंखा नव्हता. आजही तुझं उत्तर मी ऐकलं, तीनदा, जे तू दिलंच नाहीस.

शिट्टी आधी हसला. थट्टा वाटली त्याला. मग हसायचा थांबला. त्याने मान वर केली. वर, बोळात, डब्याचा काळा तळ लटकत होता.

"साहेबांना कशाला सांगायचं," तो शेवटी म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "आपण सांभाळू. मी टॉर्च मारत जाईन. एकदा मारला की खाली, दोनदा मारला की थांब. नाहीतर दोरी बांधू. कुणाला कळणार आहे?"

दादाला सगळ्यात जास्त भीती तेव्हा वाटली. कारण ते जमलं असतं. काही महिने सहज जमलं असतं. टॉर्चचीही सवय झाली असती, आणि मग एक दिवस त्याला न मारलेला टॉर्च दिसला असता.

त्याने खिशातून फोन काढला. साहेबांचा नंबर काढला. शिट्टी अजून खड्ड्यातच उभा होता.

"आधी बाहेर ये," दादा म्हणाला.

"अरे, पाना राहिलाय आत—"

"राहू दे. बाहेर ये."

शिट्टी शिडी चढून वर आला. दादाने त्याला दंडाला धरून दारापासून लांब, भिंतीशी उभं केलं. मगच त्याने नंबर लावला.